खबर कुणी आणली? गोवर, लस आणि खात्री करण्याची जुनी रीत

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईतल्या गोवंडीत गोवराची साथ पसरली. त्याच सुमारास मालेगाव आणि भिवंडीतही रुग्ण सापडू लागले. लहान मुले दगावली. ज्यांना गोवराने गाठले त्यांच्यातल्या बहुतेक मुलांना लसीचे दोन्ही डोस मिळालेले नव्हते. तिन्ही ठिकाणी मुस्लिम वस्ती मोठी आहे. त्यामुळे टीव्हीवर आणि चहाच्या टपरीवर नेहमीचा प्रश्न आला : हे लोक लस का घेत नाहीत?

या प्रश्नाची अर्धी उत्तरे वस्तीतच होती. एका खोलीत आठ-दहा माणसे, मुलांचे कुपोषण, कोविडच्या दोन वर्षांत मोडलेले लसीकरणाचे वेळापत्रक, गावाकडे आणि परत अशी कुटुंबांची ये-जा. पण एक भाग माहितीचाही होता. त्याच खोल्यांत मोबाइल होते. गोवर, लस, ताप, घरगुती उपाय, सगळे काही त्या पडद्यावर हजर होते. त्यातले खरे कोणते, हे ओळखायचे कसे, हे मात्र कुणी शिकवलेले नव्हते.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम शाळाशाळांतून सुरू झाली तेव्हा आमच्यासारख्या शिक्षकांना पालकांचे फोन येत. बहुतेक फोन आयांचे. प्रश्न एकच : "सर, ये सुई देना क्या नै देना?" त्या अडाणी नव्हत्या. त्यांच्याकडे माहिती कमी नव्हती, उलट फार होती. शाळेची चिठ्ठी एक सांगत होती, व्हॉट्सअ‍ॅपवरचा आवाज दुसरे, नणंदेचा दीर तिसरे. कुणाचे ऐकायचे, हा त्यांचा सवाल होता.

हा सवाल फार जुना आहे. आणि आपल्या परंपरेत त्याचे उत्तर शोधण्याची एक चांगली रीत होती. ती आपण दीनच्या पुस्तकांपुरती ठेवली आणि मोबाइल हातात घेताना विसरलो. या लेखात तिचीच गोष्ट सांगायची आहे.

रयचा हकीम आणि त्याच्या शंका

गोवर म्हणजे काय, हे जगाला नीट सांगणारे पहिले मोठे पुस्तक अरबीत लिहिले गेले. लिहिणारे अबू बक्र मुहंमद बिन झकरिया अल-राझी. जन्म सुमारे ८६५, मृत्यू सुमारे ९२५. इराणातल्या रय शहराचे, म्हणून राझी. रय आणि बगदाद या दोन्ही ठिकाणच्या रुग्णालयांचे ते प्रमुख होते. त्यांच्या पुस्तकाचे नाव 'किताब अल-जुदरी वल-हस्बा', म्हणजे देवी आणि गोवर यांचे पुस्तक. ताप येतो आणि अंगावर पुरळ उठते, तेव्हा हे देवीचे की गोवराचे, हे ओळखायचे कसे, ते त्यांनी रोगी पाहून लिहिले. देवीत पाठ जास्त दुखते, गोवरात अस्वस्थपणा आणि मळमळ जास्त असते, असे बारकावे त्यात आहेत. पुढे या पुस्तकाची लॅटिनमध्ये आणि इतर युरोपीय भाषांत भाषांतरे झाली आणि शतकानुशतके डॉक्टर ते वाचत राहिले.

राझींची आणखी दोन पुस्तके आपल्या विषयाला जवळची आहेत. एकाचे नाव 'मन ला यहदुरुहु अल-तबीब'. अर्थ : ज्याच्याजवळ तबीब हजर नाही त्याच्यासाठी. गरीब माणूस, प्रवासी, खेड्यातला बाप यांना घरच्या घरी, साध्या आणि सहज मिळणाऱ्या वस्तूंनी काय करता येईल, हे त्यात आहे. आज रात्री दोन वाजता मूल तापल्यावर जी आई फोन उघडते, ती हेच पुस्तक शोधत असते. दुसरे पुस्तक 'शुकूक अला जालिनूस', म्हणजे जालिनूसविषयीच्या शंका. जालिनूस (गॅलन) हा ग्रीक वैद्य तेव्हा वैद्यकातला शेवटचा शब्द मानला जाई. राझी त्याला उस्ताद मानत आणि तरीही माझ्या रुग्णालयात मी जे पाहिले ते याच्या लिहिण्याशी जुळत नाही, असे सांगत.

त्यांच्या नोंदींत एक प्रसंग आहे. मेंदूच्या आवरणाची सूज येण्याची लक्षणे दिसणाऱ्या रोग्यांपैकी काहींचे त्यांनी रक्त काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही, या उपायाचा खरेच उपयोग होतो का ते कळावे म्हणून. त्यांचा निष्कर्ष आज कुणी मानणार नाही. पण उपाय केलेले आणि न केलेले असे दोन गट ठेवून तुलना करायची, ही कल्पना आजच्या औषध-चाचण्यांच्या पायाशी आहे. मोठ्या माणसाने सांगितले एवढ्यावर ते थांबले नाहीत.

वांग्याची हदीस

राझींच्या काळाच्या आसपासच हदीस-शास्त्र आकाराला येत होते. प्रेषित मुहंमद (स.) यांच्या नावावर कुणीही काहीही सांगू लागले होते. मशिदींत आणि बाजारांत किस्से सांगणारे बसत. गर्दी जमावी, चार दिरहम मिळावेत म्हणून ते हदीस रचत. मुहद्दिसांनी यावर जी रीत काढली तिला 'इस्नाद' म्हणतात. कथन ऐकले की पहिला प्रश्न : तुला हे कुणी सांगितले? त्याला कुणी? साखळीतल्या प्रत्येक माणसाचे नाव हवे. तो रावी कुठे राहत होता, कधी वारला, ज्याचे नाव घेतो त्याला भेटला असणे शक्य होते का, खरे बोलणारा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, हे तपासायचे. एक कडी गळाली तर हदीस कमजोर. कडीतला माणूस खोटारडा ठरला तर ती बाद. हजारो रावींच्या माहितीचे ग्रंथच्या ग्रंथ यातून तयार झाले.

साखळी तपासून झाली की मजकूरही तपासायचा. याचे एक गमतीदार उदाहरण वांग्याचे आहे. वांगे ज्या हेतूने खावे तो हेतू पुरा होतो, सगळ्या आजारांवर ते औषध आहे, अशी एक 'हदीस' लोकांत फिरत होती. चौदाव्या शतकातले दमास्कसचे आलिम इब्न कय्यिम यांनी बनावट हदीस ओळखण्याच्या खुणा सांगणारे पुस्तक लिहिले, त्यात या वांग्याला स्पष्ट शब्दांत खोटे ठरवले. कारण साधे होते : अनुभव त्याच्या उलट आहे, आणि असला मजकूर प्रेषितांच्या तोंडी घालणे हाच त्यांचा अवमान आहे. त्यांच्याआधी बगदादच्या इब्न अल-जौझी यांनी बनावट हदीसांचा मोठा संग्रह केला होता आणि किस्से सांगणाऱ्यांवर वेगळे पुस्तकही लिहिले होते.

आज 'अमुक रस प्या, सगळे आजार पळतील, प्रेषितांनी सांगितले आहे' असा संदेश फिरतो. तो त्या वांग्याचाच वंशज आहे. फरक एवढाच, की बाजारातल्या किस्सेवाल्याचे तोंड लोकांना दिसत असे. फॉरवर्ड करणाऱ्याच्या मागे कोण आहे ते दिसत नाही. वर आपणच तो पुढे पाठवून साखळीतले एक रावी बनतो, आणि आपली विश्वासार्हता त्याला उधार देतो. कुरआनच्या सूरह हुजुरातमधली सहावी आयत बेभरवशाच्या माणसाने आणलेल्या खबरीची आधी शहानिशा करायला सांगते, आणि कारण देते की नकळत कुणाचे नुकसान होऊन नंतर पस्तावायची पाळी येऊ नये. ज्या खबरीमुळे मुलाचा डोस चुकतो तिथे ही आयत लागू होत नसेल तर कुठे होईल?

बगदादहून मुंबईला

राझींनी देवी ओळखायला शिकवले. ती टाळण्याचा मार्ग नंतर सापडला. उस्मानी तुर्कांच्या राज्यात बायका देवीच्या फोडातला थोडा पू निरोगी मुलाच्या कातडीत टोचत. मूल थोडे आजारी पडे आणि पुढे बहुधा सुरक्षित राही. इस्तंबूलमधल्या ब्रिटिश राजदूताची बायको लेडी मेरी माँटेग्यू हिने १७१७ साली हे पाहून पत्रातून लिहिले. तिचा भाऊ देवीने गेला होता आणि तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. १७१८ साली तिने तिथेच आपल्या मुलाला टोचून घेतले आणि १७२१ साली लंडनमध्ये मुलीला. इंग्लंडमध्ये तिची टिंगल झाली : तुर्की बायकांचे ऐकून पोटच्या पोरांवर प्रयोग करते! 'हे त्यांचे आहे, आपले नाही' ही शंका कुठल्या एका धर्माची मक्तेदारी नाही.

१७९६ मध्ये एडवर्ड जेन्नरने गायीच्या देवीपासून अधिक सुरक्षित लस काढली. ती हिंदुस्थानात आणणे कठीण होते. लांबच्या समुद्रप्रवासात लस निकामी होई. शेवटी ती व्हिएन्नाहून इस्तंबूल, बगदाद आणि बसरा या वाटेने मुंबईत पोचली. वाटेत एका मुलाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडात टोचत तिला जिवंत ठेवावे लागले. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली, आणि ती लागली. तिच्या दंडावरून इतर मुलांना, तिथून पुणे, सुरत, हैदराबाद आणि पुढे देशभर. दंडापासून दंडापर्यंत जाणारी ही साखळी इस्नादसारखीच होती. एक कडी तुटली की सगळे संपले असते.

या पद्धतीवर लोकांचे आक्षेपही होते आणि सगळे खुळे नव्हते. एका मुलाच्या अंगातला द्रव दुसऱ्याच्या अंगात जाताना दुसरे रोगही जाऊ शकत. जातीपातीच्या समाजात 'कुणाच्या मुलाचा द्रव?' हा प्रश्नही येई. पुढे वासरापासून लस तयार होऊ लागली तेव्हा या अडचणी कमी झाल्या. आपल्याकडे 'देवी काढणे' हा शब्दप्रयोग रुजला. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवी जगातून गेल्याचे जाहीर केले.

आगाखानांचा दंड

माहितीवर विश्वास कसा बसतो आणि कसा उडतो, याचे दोन्ही धडे मुंबईने एका साथीत घेतले. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांना लस तयार करण्यासाठी बोलावले गेले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली.

सरकारने दुसरीकडे वेगळा रस्ता धरला. १८९७ चा साथरोग कायदा आला. सोजीर आणि पोलीस घरांत शिरू लागले, आजारी माणसांना ओढून नेऊ लागले, बायकांची तपासणी परक्या पुरुषांकडून होऊ लागली. पुण्यात याच संतापातून २२ जून १८९७ रोजी रँडचा खून झाला. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी रिपन रोड भागातल्या जुलाहा, म्हणजे मोमीन विणकरांच्या वस्तीत तपासणी पथक एका आजारी मुलीला नेऊ पाहत होते. घरच्यांनी विरोध केला आणि त्यातून दंगल पेटली, माणसे मेली. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, तिथे त्याला मारतात, अशा अफवा तेव्हा घराघरांत होत्या. घरच्यांना दूर ठेवणाऱ्या आणि काहीच न सांगणाऱ्या इस्पितळाविषयी लोकांनी दुसरे काय समजायचे?

त्याच शहरात, त्याच काळात, खोजा इस्माईलींचे तरुण इमाम सुलतान मुहंमद शाह आगाखान यांनी वेगळी गोष्ट केली. तेव्हा ते विशीच्या उंबरठ्यावर होते. त्यांनी हाफकिनना प्रयोगशाळेसाठी जागा दिली, मदत केली आणि अनुयायांसमोर जाहीरपणे लस टोचून घेतली. त्यांच्या मागे हजारो लोकांनी घेतली. लस तीच होती, प्लेगही तोच. सांगणारा ओळखीचा होता आणि जे सांगत होता ते आधी स्वतःच्या अंगावर घेत होता.

याच लसीची आणखी एक बाजू आहे. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एका बाटलीतून लस दिलेले १९ लोक धनुर्वाताने मेले. हाफकिनवर ठपका आला, नोकरी गेली. चौकशा झाल्या, शास्त्रज्ञांनी पुरावे तपासले आणि दोष प्रयोगशाळेचा नसून ती बाटली उघडतानाच्या हाताळणीचा होता, असे निघाले. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. परळच्या संस्थेला १९२५ पासून त्यांचे नाव आहे. लसीमुळे कधीच काही होत नाही, असे सांगणारा माणूस मला म्हणून भरवशाचा वाटत नाही. काय झाले, का झाले आणि मग काय बदलले, हे सांगणारा वाटतो.

अफवेला मूळ कुठे मिळते

पोलिओच्या थेंबांनी मुले पुढे वांझ होतात, ही अफवा उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षे फिरली. तिच्यावर हसण्यापूर्वी आणीबाणी आठवावी. १९७६ या एका वर्षात देशात ६० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, कित्येक जबरदस्तीने. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर त्या वर्षी सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. ज्याच्या घरातला बाप धरून नेला होता, तो वीस वर्षांनी दारात फुकटचे थेंब घेऊन आलेल्या सरकारी माणसाकडे कसा पाहील?

नायजेरियातल्या कानो प्रांतात २००३ मध्ये पोलिओ लसीवर बहिष्कार पडला. त्याच कानोमध्ये १९९६ च्या मेंदूज्वराच्या साथीत एका बहुराष्ट्रीय औषध कंपनीने सुमारे २०० मुलांवर औषधाची चाचणी घेतली होती, त्यात ११ मुले दगावली होती आणि पालकांना नीट सांगितले नव्हते असा आरोप होता. पाकिस्तानात अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेने ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी २०११ मध्ये अबोटाबादला हेपॅटायटिस-बीच्या लसीकरणाचे सोंग केले. ते उघड झाल्यावर पोलिओ कार्यकर्त्यांवरचे हल्ले वाढले आणि कितीतरी गरीब बायका आपले काम करताना मारल्या गेल्या. २०१४ मध्ये अमेरिकेला सांगावे लागले की यापुढे लसीकरणाचा असा वापर करणार नाही.

जखम खरी असते. तिच्यावर बसणारी अफवा मात्र खोटी असते, आणि ती जखम देणाऱ्याला नाही, आपल्याच मुलाला दुखावते. २००२ मध्ये भारतात पोलिओचे १,६०० रुग्ण आढळले, त्यातले बहुसंख्य उत्तर प्रदेशात, आणि मुस्लिम मुलांचे प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा बरेच जास्त होते.

मग बदल कसा झाला? मशिदींतून इमामांनी पुकारले. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया आणि जामिया हमदर्द यांची माणसे वस्त्यांत गेली. मोहल्ल्यातल्याच बायका दारोदार फिरल्या, ज्यांची नावे शेजाऱ्यांना माहीत होती. २००९ मध्ये ७४१, २०१० मध्ये ४२, २०११ मध्ये एक. तो शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात आढळला, दोन वर्षांची मुलगी. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचा दाखला मिळाला. वांझपणाची अफवा कुठल्या जाहिरातीने मारली नाही. रुखसाना आपा किंवा मेहरुन्निसा खाला अशा नावाने ओळखल्या जाणाऱ्या शेजारणींनी मारली.

इंटरनेटच्या जमान्यात

शिकलेल्यांनी यावर फुशारकी मारू नये. गोवराच्या लसीवरची जगातली सर्वांत नुकसानकारक अफवा लंडनच्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकातून निघाली. फेब्रुवारी १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध छापून आला. फक्त १२ मुले. त्यांतून गोवर-गालगुंड-रुबेला लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवला गेला. ब्रिटनमध्ये लसीकरण घसरले. मग पत्रकार ब्रायन डीअर यांनी २००४ पासून ते काम केले जे मुहद्दिस करत : रावी कोण, त्याला पैसे कोण देत होते, मूळ नोंदी काय सांगतात. लस कंपन्यांवर खटला चालवू पाहणाऱ्या वकिलाकडून वेकफील्ड यांना पैसे मिळत होते, आणि मुलांच्या आजाराच्या नोंदी निबंधात लिहिल्याशी जुळत नव्हत्या. २०१० मध्ये लॅन्सेटने निबंध मागे घेतला आणि वेकफील्ड यांचा डॉक्टरकीचा परवाना रद्द झाला. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये सांगितले गेले की लसीमुळे ऑटिझमचा धोका वाढत नाही. तरी तो १२ मुलांचा निबंध व्हिडिओंतून आजही आपल्या मोबाइलवर येतो, नाव आणि तारीख गाळून.

इंटरनेटवर आरोग्याची माहिती पसरू लागली तेव्हाच हा धोका काहींनी ओळखला होता. १९९५ मध्ये जिनिव्हात 'हेल्थ ऑन द नेट' नावाची संस्था उभी राहिली आणि पुढच्या वर्षी तिने संकेतस्थळांसाठी आठ तत्त्वांची संहिता काढली. लिहिणाऱ्याची पात्रता सांगा, माहिती कुठून घेतली आणि तारीख कोणती ते लिहा, दाव्याला पुरावा द्या, पैसा कुठून येतो ते उघड करा, जाहिरात आणि मजकूर वेगळे ठेवा, आणि ही माहिती डॉक्टरच्या जागी नाही हे स्पष्ट करा, अशा गोष्टी तिच्यात होत्या. मी ती वाचली तेव्हा उसूल-ए-हदीसचा धडा आठवला. २०२२ च्या अखेरीस ही संस्था बंद झाली. चाचणी करणारा दरवाजावरचा माणूस गेला. आता ती चाचणी आपली आपल्यालाच करायची आहे.

पुण्याची लस, इंडोनेशियाचा फतवा

२०१८ मध्ये आमच्या पालकांच्या मनात आणखी एक प्रश्न होता, जो शाळेच्या चिठ्ठीत नव्हता : लसीत डुकराचे काही असते का? सरकारी माणूस हा प्रश्न ऐकला की 'अफवांवर विश्वास ठेवू नका' म्हणून मोकळा होई. पण प्रश्न पूर्णपणे हवेतला नव्हता. काही लसी टिकाव्यात म्हणून त्यांत जिलेटिन घालतात, आणि जिलेटिन डुकराच्या अंशापासूनही बनते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवर-रुबेला लस इंडोनेशियात जात होती. तिथल्या उलमा मजलिसने ऑगस्ट २०१८ मध्ये फतवा क्रमांक ३३ काढला. त्याचा आशय असा : या लसीच्या निर्मितीत डुकराचा अंश वापरला आहे, म्हणून ती मुळात हराम, पण हलाल पर्याय अजून उपलब्ध नाही, लस न दिल्यास काय धोका आहे ते विश्वासू तज्ज्ञांनी सांगितले आहे, आणि जरूरत सिद्ध होते, म्हणून सध्या तिचा वापर जायज.

दुसराही विचार आहे. १९९५ मध्ये कुवेतमध्ये फिकहचे आलिम आणि डॉक्टर एकत्र बसले. त्यांनी 'इस्तिहाला'चा आधार घेतला. दारूचा सिरका झाला की ती दारू राहत नाही. तसे मूळ पदार्थ पूर्ण बदलून बनलेले जिलेटिन पाक मानावे. दोन्ही मतांत फरक आहे, पण दोघांनीही मुलाला लस देण्याचा रस्ता खुला ठेवला.

आपल्याकडे 'लस हराम आहे' एवढे अर्धे वाक्य पोचले. फतव्याचा दुसरा अर्धा भाग वाटेत गळाला. इंडोनेशियातही तेच झाले, आचेसारख्या प्रांतात लसीकरण फारच कमी राहिले. आमच्या आयांना कुणी पूर्ण फतवा वाचून दाखवला असता, तर त्यांना उत्तर मिळाले असते. प्रश्न विचारणाऱ्या आईला अफवा पसरवणारी समजले की ती पुढच्या वेळी डॉक्टरला विचारत नाही, व्हॉट्सअ‍ॅपला विचारते. जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तिथल्या शाळांतल्या मोहिमेबाबत सांगितले की पालकांच्या संमतीशिवाय लस देता येणार नाही आणि त्यांना फायद्या-तोट्याची माहिती द्यावी. माहिती मागणे हा आईबापाचा हक्क आहे.

मग करायचे काय?

मुहद्दिसांचे प्रश्न तसेच्या तसे मोबाइलवर चालतात. संदेश आला की पाहा : नाव आहे का? 'एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितले' ही साखळी नाही. नाव असेल तर ते बालरोगाचे जाणकार आहेत का? आलिमला लसीच्या घटकांची हरकत विचारावी, डोस आणि ताप डॉक्टरला विचारावा. कुरआन जाणकारांना विचारायला सांगते तेव्हा ज्या गोष्टीचे जो जाणकार त्यालाच, असा त्याचा सरळ अर्थ मी घेतो. तारीख आहे का? जुना व्हिडिओ नव्या साथीत फिरवला जातो. सांगणारा काही विकतो का? व्हिडिओखाली काढ्याची किंवा कोर्सची किंमत दिसली की सावध व्हा. मूळ ठिकाणी जाऊन पाहता येते का? जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, केंद्रीय आरोग्य मंत्रालय, भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना यांची संकेतस्थळे आहेत. युनिसेफ आणि बालरोगतज्ज्ञ संघटना पालकांसाठी सोप्या भाषेतही लिहितात. आणि दुसरा स्वतंत्र रावी तेच सांगतो का? एकाच संदेशाच्या शंभर प्रती म्हणजे शंभर साक्षी नव्हेत.

यातले काहीच जमले नाही तर एक काम नक्की जमते : खात्री होईपर्यंत पुढे पाठवू नका.

शिकलेल्या मुलीसुनांवर यात मोठी जबाबदारी आहे. आपल्या घरांत मुलीला सासरी पाठवताना 'बहिश्ती जेवर' देण्याची चाल होती, आणि त्याचा नववा भाग आजार व औषधोपचारांचा आहे. म्हणजे घरातल्या बाईच्या हाती आरोग्याचे पुस्तक असावे, हे आपल्या आजोबा-पणजोबांनाही मान्य होते. ते पुस्तक शंभर वर्षांपूर्वीच्या हिकमतीवर आधारलेले आहे. आजची माहिती आजच्या जाणकाराकडून घ्यायला हवी.

शेवटी गोवराविषयी, कारण लेख त्याच्यापासून सुरू झाला. सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत असतो, सरकारी केंद्रावर मोफत. चुकला असेल तर उशिराने का होईना, विचारून घेता येतो. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या १२ ते १८ जणांना आजारी करू शकतो, म्हणून मोहल्ल्यातली शंभरातली पंच्याण्णव मुले तरी सुरक्षित हवीत. जोराचा ताप, खोकला, वाहते नाक, लाल डोळे आणि काही दिवसांनी कानामागून व चेहऱ्यावरून उतरणारे पुरळ ही त्याची चिन्हे. मूल दूध-पाणी घेईना, धाप लागली, झटके आले किंवा गुंगीत राहू लागले, तर फोनवर काही शोधत बसू नका, दवाखाना गाठा. आणि घरी लसीकरणाचे कार्ड कुठे ठेवले आहे, ते आज संध्याकाळीच एकदा काढून पाहा.